मालनची जागा

“जागा रिकामी ठेवता येत नाही, पोपटराव,” नाना म्हणाले. “आपण ठेवू म्हटलं तरी सरकार ठेवू देत नाही.”

मी खुर्च्या एकात एक घालत होतो. मालनच्या चौदाव्याची माणसं जेवून गेली होती. अंगणभर माझ्याच गोदामातल्या खुर्च्या पसरल्या होत्या, पाठीवर लाल अक्षरांत ‘भिसे मंडप’ लिहिलेल्या. लोकांच्या लग्नाला, सभेला, दहाव्याला मी उभा जन्म खुर्च्या पुरवल्या. आता त्या माझ्या दारात लागल्या होत्या आणि मला त्या लवकरात लवकर दिसेनाशा करायच्या होत्या.

“जरा बसा की,” नाना म्हणाले.

“बसवत नाही.”

नाना मोहिते म्हणजे आमच्या गावचे माजी नगराध्यक्ष आणि तेव्हाच्या नगराध्यक्षांचे सासरे. पालिकेत पान हललं तर ते नानांना विचारून हलायचं. माझी बायको मालन त्यांच्याच पक्षाकडून दोनदा निवडून आलेली. दुसऱ्या वेळची अडीच वर्षं व्हायची होती, आणि ती मंडईत भाजी घेता घेता खाली बसली ती उठलीच नाही.

“पोटनिवडणूक लागेल,” नाना म्हणाले. “आता जागा बायकांची. तुम्हाला काही उभं राहता येत नाही. घरातली बाई पाहिजे. आणि गावची रीत तुम्हाला माहीतच आहे.”

रीत मला माहीत होती. आमच्याकडे एखादा सदस्य मुदतीत वारला तर त्याच्या घरचं माणूस उभं राहतं आणि बाकी कोणी अर्ज भरत नाही. ना दुसरा पक्ष, ना अपक्ष. घरच्या माणसानं मागच्या निवडणुकीत पडलेल्याच्या दारात नारळ घेऊन जायचं. त्यानं नारळ घेतला की झालं. जोशी गुरुजी गेले तेव्हा त्यांचा मुलगा असाच बिनविरोध आला, रहिमानशेठ गेले तेव्हा त्यांची बायको. गावाला या रीतीचा अभिमान होता. बाकी वेळी एकमेकांची डोकी फोडतात, पण मयताच्या जागेला कोणी हात लावत नाही.

“घरातली बाई म्हणजे सारिका,” माझा मुलगा प्रवीण लगेच म्हणाला. म्हणजे त्यांचं आधीच बोलणं झालं होतं.

सारिका माझी सून. सरकारी दवाखान्यात नर्स, बाळंतपणाच्या वॉर्डात. ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

“नोकरी सोडावी लागेल पोरी,” नाना म्हणाले. “सरकारी नोकराचा अर्ज चालत नाही.”

“सोडेल की,” प्रवीण म्हणाला. त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पालिकेच्या कार्यक्रमांच्या मंडपाचा ठेका आमच्याकडे होता. त्याला ती खुर्ची घरातच हवी होती.

सारिकानं ट्रे खाली ठेवला. “मामांना काय वाटतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला जे वाटत होतं तेच मी बोललो. “सभागृहात ‘भिसे’ नावाची पाटी राहावी असं वाटतं.”

“मग झालं तर,” नाना म्हणाले आणि चहा न पिताच उठले.

*

मालनला उभी मीच केली होती. म्हणजे पक्षवाले मला विचारायला आले होते आणि चिठ्ठीत वॉर्ड बायकांचा निघाला, म्हणून मी तिला उभी केली. मनात धरून चाललो होतो की सही तिची, कारभार माझा. पहिल्या सभेला मी तिला स्कूटरवर सोडलं आणि म्हणालो, “काही बोलू नकोस, नुसती बसून राहा.” ती बाहेर आली तेव्हा आत मुख्याधिकारी घाम पुसत होते. त्यानंतर मी नुसता सोडायला आणि आणायला. लोक मला ‘नगरसेविकेचा ड्रायव्हर’ म्हणायचे. मला त्याचं काही वाटायचं नाही.

ती गेल्यावर मला सगळ्यात जड जायची ती सकाळ.

आमच्या आळीत दिवसाआड पाणी यायचं. सहाच्या सुमाराला वॉल्व्ह सोडायचे. आळी चढाची. खालच्या घरांना धो धो आणि वर टोकाला हिरा काळोखेच्या नळाला नुसती हवा. नळाला हवा आली की हिरा घागर काखेला मारून उतार उतरायची आणि कोपऱ्यापासूनच सुरू करायची.

“ए नगरसेविके! ये भाईर! तोंड दाखव!”

ही हिरा मालनच्या विरोधात दोनदा उभी राहिलेली आणि दोनदा पडलेली. पाव-बटरची गाडी लावायची. नवरा नाही, मुलं नाहीत, आवाज मात्र अख्ख्या आळीचा.

कोपऱ्यावर तो आवाज आला की मालन म्हणायची, “आली माझी सवत,” आणि आधी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवायची. मग केसांचा अंबाडा घालत ओट्यावर जायची.

“काय गं, सकाळी सकाळी कुणाचं मढं निघालं?”

“तुझ्या नळाचं! मत मागाया दारात येतीस, पाणी सोडाया कोण येणार? तुझा बाप?”

“माझा बाप कधीच वर गेला. तुझा आसंल तर धाड!”

“दोनदा निवडून आलीस, काय उजेड पाडलास?”

“दोनदा पडलीस ना? मग कशाला अंधारात धडपडतीस?”

असं चालायचं. आळीतल्या बायका दातांना मिश्री लावत दारात बसून ऐकायच्या. एखादी मधेच म्हणायची, “हिराक्का, परवाचं त्ये गटाराचं राहिलं बघा.” त्या दिवशी पालिकेची सभा असली तर भांडण जास्तच रंगायचं. मग कधीतरी आतून चहा उतू गेल्याचा वास यायचा. मालन दोन कप आणायची. हिरा पायरीवर बसून बशीत ओतून चहा प्यायची, पिता पितासुद्धा शिव्या घालायची, आणि आमच्या नळाची घागर भरून घेऊन वर जायची.

मी आतल्या खोलीत डोक्यावर पांघरूण ओढायचो. मला वाटायचं, देवा, एक सकाळ शांत मिळू दे.

मालन गेल्यावर सगळ्याच सकाळी शांत मिळाल्या. पाच-साडेपाचलाच डोळे उघडायचे. सहा वाजायचे. मी कान कोपऱ्याकडे लावून पडून राहायचो. नळ यायचा, खळखळायचा, जायचा. हिरा काही यायची नाही. मग मला पडवायचं नाही. उठून गोदामात जायचो आणि धुतलेल्याच खुर्च्या पुन्हा धुवायचो. प्रवीण म्हणायचा, “दादा, रंग निघून जाईल.” एकदा तर गोदामातले सगळे बांबू मी एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेऊन ठेवले आणि दुसऱ्या दिवशी परत आणले.

एक दिवस असाच फिरत फिरत पालिकेत गेलो. सभागृह उघडं होतं. गुलाब शिपाई पुसापुशी करत होता. मालनची पाटी जागेवर होती, ‘सौ. मालन पोपट भिसे, प्रभाग ७’. तिच्या खुर्चीवर कुणीतरी हेल्मेट आणि रेक्झिनची पिशवी ठेवली होती.

“हे कुणाचं?”

“परवाच्या सभेतलं राहिलंय कुणाचं तरी,” गुलाब ओशाळून म्हणाला. “रिकामी खुर्ची म्हटल्यावर ठेवतात हो सामान.” त्यानं ते उचललं. “ताई असत्या तर सामानासकट फेकून दिलं असतं.”

“फार बोलायची का रे ती?”

“बोलायच्या? ताई उभ्या राहिल्या की साहेब आधी पाण्याचा ग्लास जवळ ओढायचे. एकदा म्हणाल्या, ‘साहेब, पाइप पुरायचा म्हंजे मढं पुरल्यावानी पुरून हात झटकायचे नसतात. त्यातनं पाणी यावं लागतं.’ सगळं सभागृह हसलं. दुसऱ्या दिवशी वरच्या आळीचं काम सुरू.”

मला वाटलं हे मी कुठंतरी ऐकलंय. पण माझं लक्ष त्या खुर्चीकडे होतं. रेक्झिनच्या पिशवीचा चौकोनी डाग तिच्यावर तसाच होता. मी रुमालानं पुसला. मनात पक्कं केलं, इथं घरचंच माणूस बसलं पाहिजे.

*

निवडणूक लागली. नानांनी नारळ पाठवून दिला आणि निरोप, ‘हिराबाईकडे तुम्हीच जा. ती एकटीच काय ती गडबड करील. दुसरा पक्ष गप आहे, मी बोललोय.’

मी चढ चढून गेलो. जाताना मनात भांडणाची जुळवाजुळव केली होती. ती म्हणणार, दोनदा पाडलंत, आता मेल्यावरही पाडता काय? मी म्हणणार, रीत आहे. ती म्हणणार, रीत गेली खड्ड्यात.

हिरा दारात तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं पदर सारखा केला. “या भावजी.”

मी नारळ पुढं केला. “सारिका उभी राहतेय.”

“ऐकलं.”

“तर म्हटलं, तुम्ही...”

“ठिवा तितं.” तिनं उंबऱ्याकडे बोट केलं.

मी नारळ उंबऱ्यावर ठेवला. तिनं तो उचलून आत देवापुढं नेला, परत येऊन सूप हातात घेतलं. बस. इतकंच.

“काही म्हणायचंय का?” मी विचारलं.

“न्हाई.”

मी उतार उतरायला लागलो. काम झालं होतं, नाना खूश होणार होते. आणि मला कुणाच्या तरी घराचं दार धाडकन आपटावंसं वाटत होतं.

*

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत मुदत होती. नानांनी मुद्दाम शेवटचाच दिवस धरला होता, मुहूर्त चांगला म्हणून. तहसील कचेरीच्या आवारात मंडप आमचाच. प्रवीण पहाटेच खुर्च्या घेऊन गेला होता.

मी अंघोळ करून स्वयंपाकघरात आलो. स्टोव्हपाशी पाठमोरी मालन उभी होती. हिरवी इरकल, काठाला मोरपंखी, डावा खांदा किंचित खाली. मी हाक मारायला तोंड उघडलं.

सारिका वळली. “नानांनी सांगितलं, आईंचंच लुगडं नेस म्हणून. लोकांना ताई दिसल्या पाहिजेत म्हणाले.” ती रडून थकलेली दिसत होती. तिनं बांगड्यांच्या डब्याखालून एक पाकीट काढलं. “मामा, एवढा राजीनामा तुम्ही दवाखान्यात देऊन या. मी दोनदा गेले आणि परत आले.”

“का?”

“आत गेले की बायका विचारतात, सिस्टर, उद्या ड्युटी आहे ना तुमची?” तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं. “पोचल्याची सही तेवढी आणा. अर्जाबरोबर लावायची आहे.”

“सारिका, तुला नको असेल तर...”

“मला विचारलंय कुणी, मामा?” ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. “तुम्ही पाटी म्हणालात. मग मी काय बोलणार?”

मी पाकीट खिशात घातलं आणि टेम्पो काढला.

दवाखाना आळीच्या वरच्या अंगाला. हिराच्या घरापाशी रस्ता अडला होता. सार्वजनिक नळाभोवती बायका बसल्या होत्या, घागरी, कळशा, बादल्या, डबे. नळ कोरडा. मी हॉर्न दिला. कोणी तोंड वर करून काही बोललं नाही. बायका उठल्या, भांडी ओढून बाजूला घेतली, वाट दिली. त्यांत हिरा होती. तिनंही आपली घागर उचलली आणि बाजूला झाली.

मी टेम्पो बंद केला.

“पाणी कधीपासनं नाही?”

“झाला आठवडा,” एक बाई म्हणाली. “वॉल्व्ह तुटलाय म्हणं.”

“मग सांगितलं कुणाला?”

मी खाली उतरून हिरापुढं उभा राहिलो. “आठवडा पाणी नाही आणि तुम्ही गप? ओरडला नाहीत?”

“कुणावर?” हिरा म्हणाली.

“म्हणजे?”

“कुणावर वरडू भावजी? त्या खुर्चीवर? का तुमच्या दारातल्या हार घातलेल्या फोटूवर?” तिचा आवाज वर चढला. कितीतरी दिवसांनी मी तो ऐकत होतो. “पाइप पुरला म्हंजे मढं पुरल्यावानी पुरून हात झटकले का तुमच्या पालिकेनं? त्यातनं पाणी नगो याया?”

“हे... हे तर मालन सभेत बोलली होती.”

“बोलणारच. माजंच हाय त्ये.” हिरानं घागर खाली आपटली. “तुमाला काय वाटलं, ती घरनं पाठ करून जायाची? सभा आसली की आदल्या सांच्याला निरोप धाडायची, हिरे, उद्या ये. नळाचं बोल, नायतर गटाराचं बोल, पर झोंबंल आसं बोल. म्हणायची, मला घरात बसून राग येत न्हाई गं. माजं घर खाली, माज्या नळाला पाणी हाय. तू आलीस की राग येतो. त्यो पदराला बांधून सभेला जाते.”

बायका खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांना हे माहीत होतं. पांघरुणाखाली मी एकटाच होतो.

“आता सारिकावर वरडू म्हनता?” हिरा म्हणाली. “ती पोर मला काकू म्हनती. म्या आवाज चढवला तर बीपी बघंल माजं.”

कुणीतरी हसलं. हिरा हसली नाही. पदरानं नाक पुसून तिनं तोंड फिरवलं. मला एकदम कळलं की सहा वाजता कोपऱ्याकडे कान लावून पडणारा मी एकटा नव्हतो. वरच्या टोकाला दुसरंही एक माणूस तोंडात शब्द घेऊन बसलेलं होतं.

“तुम्ही अर्ज भरा,” मी म्हणालो.

“काय?”

“अर्ज भरा. आत्ता.”

“वेड लागलं का तुमाला? नारळ घेतलाय म्या.”

“मीच दिला, मीच परत घेतो. आणा तो.”

“आवं म्या पडणारी बाई हाय! दोनदा पडले!”

“आज पाडायला आहे कोण? सगळं गाव रीत पाळून घरी बसलंय.”

“आन सूचक? कोण व्हईल माजा सूचक? वॉर्डातला मानूस लागतो.”

“मी काय मुंबईचा आहे?”

“दाखले...” मी म्हणालो तशी एक म्हातारी पुढं झाली, “दाखले तिच्या ट्रंकेत हायती. निवडणूक आली की आमी कुरडया घालतो आन ही दाखले काढती.”

“नारळ यायच्या आधी काढल्याले,” हिरा घाईनं म्हणाली. “आपली सवय म्हून.” आणि ती आत पळाली.

*

टेम्पोत पुढं मी आणि हिरा, मागं तीन-चार बायका रिकाम्या घागरींसकट. दवाखाना मागं राहिला. हिराच्या मांडीवर दाखल्यांची पिशवी आणि नारळ. ती वाटेत एकदाच बोलली, “मालन काय म्हनली आसती?”

“शिव्या घातल्या असत्या.”

“त्ये तर हायच,” ती म्हणाली आणि तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं.

कचेरीच्या आवारात हलगी वाजत होती. माझ्या खुर्च्यांवर माणसं बसली होती, मधोमध मालनच्या लुगड्यात सारिका, गळ्यात आधीच एक हार. दुसऱ्या पक्षाचे दोघे-तिघेही अभिनंदनाला येऊन बसले होते, पेढ्यांचा पुडा मांडीवर. नानांनी घड्याळ बघत मला हात केला.

“पोपटराव, उशीर किती! आणली सही?” मग त्यांना हिरा दिसली. “ह्या कशाला आल्या?”

“अर्ज भरायला,” मी म्हणालो.

हलगी थांबली.

“कसला अर्ज? ह्यांनी नारळ घेतलाय!”

मी हिराच्या हातातला नारळ घेतला आणि कचेरीच्या पायरीवर फोडला. “परत घेतला. मी सूचक आहे त्यांचा.”

प्रवीण धावत आला. “दादा, अहो काय करताय? आईची जागा घालवताय तुम्ही! त्या बाईला? जिनं रोज दारात येऊन आईला शिव्या घातल्या?”

“रोज,” मी म्हणालो. “एक दिवस चुकवला नाही.”

“पोपट भिसे,” नाना हळू आवाजात म्हणाले. पहिल्यांदाच ‘राव’ गळलं होतं. “शहाणपणा करू नका. तो राजीनामा द्या इकडं. मी माणूस पाठवून सही आणतो, अजून वेळ आहे.”

मी पाकीट काढलं. नानांनी हात पुढं केला. तोवर सारिका उठून नानांच्या शेजारी आली होती. मी ते तिला दिलं.

“दिला नाहीत?” तिनं विचारलं.

“नाही. तुला मी विचारलं नव्हतं. आता विचारतो. द्यायचा का?”

तिनं प्रवीणकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मग पाकिटाचे दोन तुकडे केले, चार केले. गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. “मामा, मला दोनची ड्युटी गाठता येईल अजून,” ती म्हणाली. “फक्त हे लुगडं बदलायला लागेल.”

नाना दुसऱ्या पक्षाच्या माणसांकडे वळले. “अहो, तुमच्याकडे एखादी बाई? कोणीही?”

“आम्ही तर पेढे घेऊन आलोय नाना,” त्यांतला एक बावळटासारखा म्हणाला.

गावानं इतक्या सभ्यपणानं वागायचं ठरवलं होतं, की दुसरा अर्ज कुणाच्याही खिशात नव्हता. नानांनी पक्षाच्या दोन बायकांना आणायला मोटरसायकली पिटाळल्या. एक माहेरी गेली होती. दुसरीचा दाखला मिळेना. तोवर आत मी हिराच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली, अनामत भरली. निवडणुकीच्या साहेबांनी विचारलं, “उमेदवाराशी नातं?” तसा रकाना अर्जात नव्हता, ते सहज विचारत होते. हिराच म्हणाली, “भांडणाचं.”

तीन वाजले. शिपायानं दार लावलं.

*

छाननीत अर्ज टिकला. हिरा काळोखे, अपक्ष, बिनविरोध. गावानं मला बरीच नावं ठेवली. बायको गेल्यानं डोकं फिरलं इथपासून ते सांगता येणार नाही तिथपर्यंत. पालिकेचा मंडपाचा ठेका गेला. नानांच्या सभांना खुर्च्या तालुक्याहून यायला लागल्या. प्रवीण पुढं बरेच महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. सारिका ड्युटीला जाताना मात्र रोज सांगून जायची, “मामा, जाते हं,” आणि दारातून एकदा मागं वळून बघायची.

हिराच्या पहिल्या सभेच्या दिवशी मी पालिकेत गेलो नाही. संध्याकाळी गुलाब शिपाई मालनची पाटी कागदात गुंडाळून घरी घेऊन आला. “नवीन बाईंनी स्वतः काढली,” तो म्हणाला. “पुसून दिली आणि म्हणाल्या, भावजींच्या हातात दे, खाली ठेवू नको.”

“बोलल्या का सभेत?”

“नाही हो. नुसत्या बसून राहिल्या. हात असे मांडीवर. सगळे म्हणतात, गरीब निघाली.”

मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढची सभा लागली. सभेच्या दिवशी सकाळी सहा वाजता नळ आला. आमच्याकडे धो धो. मी घागर भरायला लावली आणि मग ती अर्ध्यावरच काढली. ओतून दिली. रिकामी घागर काखेला मारली, जशी ती मारायची तशी, आणि चढ चढायला लागलो. मिश्री लावणाऱ्या बायका बघत राहिल्या. मी जन्मात रस्त्यात आवाज चढवला नव्हता. मंडपवाल्याला चढवून चालत नाही.

हिराच्या कोपऱ्यावर येऊन थांबलो.

“ए नगरसेविके!” मी ओरडलो. आवाज मधेच फाटला. पुन्हा ओरडलो. “ये बाहेर! तोंड दाखव!”

दार बंदच.

“बिनविरोध निवडून आलीस म्हणून माजलीस काय? सभेत मुकी बसायला पाठवली काय तुला? वॉल्व्ह कुणी बदलायचा, तुझ्या बापानं?”

दार उघडलं. हिरा केसांचा अंबाडा घालत बाहेर आली. डोळे लाल होते, पण तोंडावर रंग चढत होता.

“माज्या बापाचं नाव काढता? बाप्या मानूस आसून घागर घिऊन येताय, लाज न्हाई वाटत?”

“नाही वाटत! तुला वाटू दे!”

“आन तुमच्या नळाला तर धो धो येतंय! रिकामी घागर कुनाला दाखवताय, वतून आलाय व्हय?”

बायका हसल्या. मी काय उत्तर द्यावं ते सुचेना. मालनला सुचलं असतं. हिरा वाट बघत उभी राहिली, ओट्यावर हात कमरेला लावून. मला वेळ देत होती.

“पुढच्या वेळी अजून चांगलं बोलेन,” मी शेवटी म्हणालो.

“बोलावंच लागंल,” ती म्हणाली. “एवढ्यानं काय हुतंय? बसा.”

मी पायरीवर बसलो. आतून चहा उतू गेल्याचा वास येत होता.